जीपची सलाईन

आमच्या गोरेगावात माझ्या जीपला दोन नावं आहेत. जुनी माणसं 'उस्तादची गाडी' म्हणतात, कारण गोरेगाव-सेनगाव-हिंगोली ही लाईन मी तिच्यावर जन्मभर चालवली. नवी पोरं 'सलाईनवाली जीप' म्हणतात. हे दुसरं नाव माझ्या शेजाऱ्यानं पाडलं. तोही माझ्यासारखाच जीप डायव्हर. धंदा बसल्यावर त्यानं गाडी भंगारात घातली अन् पिठाची गिरणी टाकली. ज्यानं स्वतःची गाडी भंगारात घातली त्यानं दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवू नयेत, असं माझं मत आहे. पण त्याचं तोंड गिरणीसारखंच, एकदा चालू झालं की जात्यात काही आहे की नाही हे पाहत नाही.

सलाईन म्हणजे काय ते सांगतो. जीप घराला लागून पत्र्याच्या छपराखाली उभी असते. घराच्या खिडकीतून एक वायर निघते. तिच्या टोकाला साबणाच्या वडीएवढी काळी डबी. डबीतून पुढं दोन वायरी, एक लाल अन् एक काळी, त्यांचे चिमटे बॉनेटच्या आत. ही डबी माझ्या मुलानं पुण्याहून आणून दिली. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरत जाते, तिला ही डबी थेंब थेंब करंट देत राहते. लागेल तेवढाच देते, जास्त देत नाही. डबीवर एक बारीक दिवा आहे. बॅटरी भरत असली की लाल, भरली की हिरवा.

"लावून ठेवा अन् विसरून जा, बाबा," मुलगा म्हणाला होता.

मला विसरून जायला कधी जमलं नाही. आधी ते का, हे सांगावं लागेल.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गाडीवरच्या पाट्या वाचता येतात, सही करता येते, अन् थोडं लिहिता येतं, तेवढ्यावर हे लिहितो आहे. शाळा सोडली ती ट्रकवर क्लिनर म्हणून गेलो. पुढं जीप घेतली. बाजाराच्या दिवशी माझ्या जीपला मागं लटकायला जागा नसायची. टपावर हळदीची पोती, पोत्यांवर माणसं, अन् माणसांच्या मांडीवर कोंबड्या. कोणाची बाळंतीण हिंगोलीच्या दवाखान्यात न्यायची असली तर लोक माझंच दार वाजवायचे. शेजाऱ्याचं नाही. त्याला विचारा.

मग घरोघरी मोटारसायकली आल्या. स्टँडवर नंबर लावून बसायचं, अन् गाडी भरता भरता ऊन कलून जायचं. शेवटी परमिट सोडलं. पण गाडी विकली नाही. काळा-पिवळा रंग होता, तो मी स्वतः ब्रशनं पांढरा केला. सकाळचं ऊन तिरपं पडलं की पांढऱ्याखालचा पिवळा अजून दिसतो.

चालत्या गाडीच्या बॅटरीला कोणी विचारत नाही. इंजिन फिरतं, डायनामो फिरतो, बॅटरी आपली आपण भरते. उभी राहिली की मग कळतं तिला काय काय लागतं ते.

त्याच सुमारास बायको पुण्याला गेली.

मुलाला मुलगा झाला होता, सूनबाईची नोकरी होती, लेकराला सांभाळायला कोणी नव्हतं. सहा महिने म्हणून गेली. ते लेकरू आता पाठीवर दप्तर टाकून शाळेत जातं.

नंतर एकदा मीही गेलो होतो तिकडं. नाही म्हणत नाही. बाराव्या मजल्यावर घर. सगळं चांगलं होतं, सून चांगली, जेवण चांगलं. पण खाली फिरून परत आलो की गेटवरचा वॉचमन विचारायचा, "कुणाकडं जायचंय?" सकाळी विचारायचा, संध्याकाळी विचारायचा. अख्खं गोरेगाव ज्याच्या गाडीत बसून हिंगोली पाहून आलं, त्याला रोज सांगावं लागायचं की मी कुणाचा कोण. एक दिवस मी त्याला म्हणालो, "आता कुणाकडंच न्हाई," अन् वर जाऊन पिशवी भरली. बायकोला वाटलं चार दिवसांनी राग उतरेल. माझा राग बॅटरीसारखा आपोआप उतरत नाही.

ती निघाली त्या दिवसाचं बोलणं मात्र माझ्या मनात अजून जसंच्या तसं आहे. मुलानं भाड्याची कार आणली होती. हळद शिजवायचे दिवस होते, गल्लीभर तो वास. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "अवो, चला की तुमी बी."

"मी येणार न्हाई."

"मग मला आणायला तरी याल?"

"आणायला बी येणार न्हाई. आपल्या मनानं चाललीस, आपल्या मनानं ये. हिंगोलीला उतरशील तवा जीप उभी असंल. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायचं न्हाई."

ती हसली. म्हणाली, "जीप सुरू झाली तर!"

ती गमतीनं म्हणाली असेल. पण शेजारी ओट्यावर बसून हे ऐकत होता, तो खो खो हसला, अन् मला ते लागलं. त्या दिवसापासून माझ्यापुढं एकच काम राहिलं. ती ज्या दिवशी हिंगोलीला उतरेल त्या दिवशी जीप एका चावीत सुरू झाली पाहिजे. बाकी काही होवो न होवो.

आता पुढच्या सीटचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा एवढा जीपलाच काय धरून बसला. आमच्या लग्नाला किती वर्षं झाली, पण जीप धंद्यावर होती तोवर भरल्या गाडीत तिला पुढची सीट कधी मिळाली नाही. पुढं पॅसेंजर बसायचं, तिथं भाडं मिळायचं. ती बाजाराला माझ्याच गाडीत यायची अन् मागं, पिशव्या मांडीवर घेऊन, लोकांच्या गुडघ्यात गुडघे घालून बसायची. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला माणसं आपापल्या गावाला उतरत जायची. पुसेगावचे पुसेगावला, सेनगावचे सेनगावला. गाडी रिकामी होत आली की मागून आवाज यायचा, "उस्ताद, पुढं जागा हाय का?"

मी आरशात पाहायचो नाही. म्हणायचो, "हाय, पण भाडं डबल पडंल."

मग ती पुढं येऊन बसायची. घरापर्यंत आम्ही फार बोलायचो असं नाही. ती चपला काढून पाय वर घ्यायची, वळण आलं की दांडा धरायची. एवढंच. पण दिवसभराच्या फेऱ्या मी त्या तेवढ्या वाटेसाठी करत होतो असं आता वाटतं. तेव्हा नव्हतं वाटत. तेव्हा वाटायचं डिझेल किती राहिलं.

बॅटरीचं पाणीही तीच पाहायची. बॅटरीत साधं पाणी चालत नाही, क्षार धरतात. बाटलीबंद पाणी सेनगावला मिळायचं, पण ती पावसाळ्यात अंगणात मधोमध धुतलेलं भगुनं ठेवून पाणी धरायची. पत्र्यावरून पडलेलं नाही, सरळ वरून आलेलं. फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरायची अन् बाटली कोनाड्यात वर ठेवायची, लेकरांचा हात पोचू नये म्हणून. ती गेली तेव्हा कोनाड्यात अशी एक बाटली भरलेली होती. मी तीच पुरवून पुरवून वापरली. दरसाल पाऊस येतो, भगुनं घरात आहे, मलाही पाणी धरता आलं असतं. धरलं नाही.

ती गेल्यापासून बॅटरीनं मला लई तकलीफ दिली. महिना-दीड महिना गाडी उभी राहिली की चावी फिरवावी अन् नुसता 'कट्' असा आवाज यावा. मग धक्का. धक्क्याला माणसं लागतात, माणसं बोलवायची म्हणजे शेजाऱ्याला कळणार. तो गिरणीच्या दारात पिठानं पांढरा होऊन उभा राहायचा अन् म्हणायचा, "उस्ताद, बोलवू का पोरं? नुसतं 'धक्का मारा' म्हणा. जीभ झिजत न्हाई."

मी कधी म्हणालो नाही. बॅटरी काढायचो, सायकलच्या कॅरियरवर बांधायचो, चार्जिंगच्या दुकानात नेऊन टाकायचो, दुसऱ्या दिवशी आणायचो. या वयात. पण धक्का मारा म्हणून कोणापुढं तोंड उघडलं नाही.

मुलगा गेल्या गणपतीत आला तेव्हा त्यानं मला सायकलवर बॅटरी नेताना पाहिलं. पुढच्या खेपेला डबी घेऊन आला. लावून दाखवली. "लाल चिमटा बॅटरीच्या प्लसला. काळा बॅटरीवर नका लावू, ठिणगी उडती. काळा गाडीच्या बॉडीला लावा. बॉडीतून अर्थिंगच्या वायरनं बॅटरीला जातंच." अन् आणखी म्हणाला, "उगं गाडी सुरू करून मिनिटभरानं बंद नका करू. त्यात जेवढं जातं तेवढं परत भरत न्हाई. चालवायची तर लांब चालवा, न्हाईतर सुरूच करू नका."

मी सगळं ऐकलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. लाल प्लसला, काळा बॉडीला, गाडी सुरू करायची नाही. पहिल्या दिवशी दिवा लाल होता. दोन-तीन दिवसांनी हिरवा झाला. हिरवा झाला तसा मी गाडी रीतसर झाकून ठेवायला घेतली.

रीतसर म्हणजे आमच्या डायव्हर लोकांच्या रीतीनं. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असली तर बॅटरीची अर्थिंगची वायर काढून बाजूला करायची, ही ट्रकवरच्या माझ्या उस्तादानं मला शिकवलेली पहिली शिस्त. उभ्या गाडीत उंदीर वायरी कुरतडतात, तारेला तार लागते अन् गाडी पेट घेते. सेनगावच्या स्टँडमागं अशी एक जीप जळून कोळसा झालेली मी डोळ्यानं पाहिली आहे. म्हणून मी पान्यानं वायर सोडवली, फडक्यात गुंडाळली, चिमटे बराबर आहेत का पाहिले, दिवा पाहिला. हिरवा. बॉनेट बंद केलं, ताडपत्री टाकली.

तेव्हापासून तो हिरवा दिवा माझ्या घरातलं माणूस झाला. सकाळी उठलो की आधी छपराखाली जायचं, ताडपत्रीचा कोपरा उचलायचा. हिरवा. झोपायच्या आधी पुन्हा. हिरवा. लाईट जायची अन् यायची, दिवा हिरवा तो हिरवाच. कधी लाल होत नाही म्हणजे बॅटरी काय घट्ट धरून बसली आहे, असं म्हणून मी गल्लीत मिरवायचो.

"पेशंट कसा हाय, उस्ताद?" शेजारी विचारायचा.

"तुझ्यापेक्षा बरा हाय."

"जेवतो का काही?"

"पोट भरलेलं हाय त्याचं. दिवा बघ."

फोनवर बायकोही रोज विचारायची. रोज तेच. "जेवलात का?" "जेवलो." "गुडघा?" "बराबर हाय." "करमतं का?" "न करमायला काय झालं." "गाडी?" "हिरवा दिवा हाय." मग ती लेकराला फोन द्यायची, लेकरू 'आबा' म्हणून ओरडायचं अन् फोन कुठंतरी टाकून पळायचं. तिकडं भांड्यांचा आवाज येत राहायचा. मी ऐकत बसायचो. कोणीतरी येऊन फोन बंद करेपर्यंत.

या उन्हाळ्यात तिच्या माहेरी, शिरड शहापूरला, तिच्या भाचीचं लग्न निघालं. ती म्हणाली, "मी येऊन राहिले. ट्रॅव्हल्सनं. सकाळी हिंगोलीला उतरीन. पोरगं म्हणतंय गाडी करून देतो घरापर्यंत."

"काही गरज न्हाई," मी म्हणालो. "सांगितलंय ना, जीप उभी असंल."

"व्हय, सांगितलंय," ती म्हणाली. ती हसली की नाही ते कळलं नाही.

मी जीप धुतली. आरसे पुसले. पुढच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन होतं तिथं जाड दोऱ्यानं टाके घातले. हातपंपानं टायरात हवा भरली. डब्यातून डिझेल आणून घातलं. बॅटरीत कोनाड्यातल्या बाटलीचं पाणी घातलं, तळाशी थोडं ठेवलं. आंघोळ करून धोतर बदललं, डोक्याला फेटा बांधला. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरचा कागद लावून लायसन वाढवून आणलं होतं, ते खिशात ठेवलं. मग जायच्या सकाळी, ऊन नुकतं अंगणात आलं होतं तेव्हा, बॉनेट उघडलं, फडक्यातली अर्थिंगची वायर काढली अन् बॅटरीवर बसवून पान्यानं आवळली.

डबीवरचा दिवा लाल झाला.

मला वाटलं उन्हानं तसं दिसतं. हातानं सावली धरून पाहिलं. लालच. गाडीत बसलो, चावी फिरवली.

कट्.

पुन्हा फिरवली. कट्.

खाली उतरलो अन् बोटानं वायरी धरत गेलो. लाल चिमटा बॅटरीवर. बराबर. काळा चिमटा बॉडीवर. बराबर. बॉडीतून बॅटरीला जायची वाट कुठली? ही अर्थिंगची वायर. अन् ती तर मी स्वतःच्या हातानं काढून, फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती, पहिल्या आठवड्यापासून. डबी इतके महिने देत होती, पण बॅटरीपर्यंत काही पोचतच नव्हतं. मुलाचं बोलणं खरं होतं, उस्तादाची शिस्त खरी होती. दोन्ही मी पाळली अन् मधला पूल काढून ठेवला. दिव्याचं काय, तर ते नंतर मुलानं सांगितलं. "घेणारं कुणी जोडलेलंच नसलं की ती डबी हिरवीच राहती, बाबा."

पण त्या सकाळी हे सगळं नीट सुचलं असं नाही. त्या सकाळी मी बॉनेटला धरून उभा होतो अन् तिकडं ट्रॅव्हल्स हिंगोलीकडं येत होती. दुकानात चार्जिंगला टाकावी तर दिवस जातो. डबीनं थेंब थेंब भरावी तर रिकामा रांजण आहे. कोणाची तरी कार सांगावी हा एक मार्ग होता. मुलाला फोन केला असता तर त्यानं तिथूनच गाडी पाठवली असती. तीही हसून बसली असती गाडीत. कोणी मला काही बोललं नसतं.

मी गिरणीवर गेलो. शेजारी पट्टा चढवत होता.

"काय उस्ताद, फेटा? आज वहिनी येणार ना?"

"व्हय."

"मग इथं काहून उभे? पेशंट उठत न्हाई का?"

मी पायाकडं पाहिलं. पिठात माझ्या चपलांचे ठसे उमटले होते. म्हणालो, "धक्का मारा."

त्याला वाटलं त्याच्या कानात पीठ गेलं. "काय म्हणलात?"

"धक्का मार म्हणलं. तू अन् आणखी कोणी असंल ते. माझ्याच्यानं एकट्यानं हलत न्हाई."

मी वाट पाहिली की आता हसेल. त्यानं पट्टा खाली टाकला, हात झटकले अन् गल्लीत जाऊन ओरडला, "या रे, या! उस्ताद बोलावून राहिले!" दूध घालायला निघालेला एकजण किटली ठेवून आला. दोन-तीन बाया पाण्याला चालल्या होत्या, त्यांनी घागरी टेकवल्या. "सरका, आमी लावतो," म्हणाल्या. छपरापासून रस्त्यापर्यंत सगळं सपाट, वजन गाडीचं, सगळे 'हय्या' म्हणून ओरडत होते अन् शेजारी सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. चिमटे काढून, बॉनेट लावून मी दुसऱ्या गिअरात क्लच दाबून बसलो होतो. रस्त्याला लागताच क्लच सोडला. जीप खोकली, थरथरली, काळा धूर मागच्या सगळ्यांच्या तोंडावर सोडला अन् सुरू झाली.

"बंद करू नका!" शेजारी धुरातून ओरडला. "बंद केली तर हिंगोलीत तुमाला कोण ढकलणार न्हाई!"

जुन्या डिझेल गाडीचं हे बरं असतं. एकदा पेटली की बॅटरी मेलेली असली तरी चालत राहते. हिंगोलीपर्यंत मी कुठं थांबलो नाही. सेनगावच्या स्टँडवर ओळखीच्यानं हात केला, मी नुसता हॉर्न दिला. हॉर्नही वाजला नाही नीट, रेकल्यासारखा आवाज आला.

हिंगोलीत ट्रॅव्हल्स थांबते तिथं मी जीप लावली, इंजिन चालू ठेवून. लोक वळून पाहत होते. चहावाला म्हणाला, "चाचा, बंद करो ना, धुआँ आ रहा है." मी म्हणालो, "बस, अब्बी आती है."

आली. आधी पिशवी उतरली, मग ती. केस फार पांढरे झाले होते. फोनमध्ये दिसत नाहीत. मला वाटलं होतं मी उतरून पिशवी घेईन, काहीतरी बोलेन. पण हात स्टेअरिंगवरून निघाला नाही, गाडी बंद पडली तर म्हणून. ती हळूहळू चालत आली, माझ्या बाजूच्या खिडकीशी थांबली. म्हणाली, "उस्ताद, पुढं जागा हाय का?"

भाडं डबल पडंल, हे मला म्हणता आलं नाही. मी नुसती पलीकडची सीट हातानं झटकली.

ती बसली. चपला काढल्या, पाय वर घेतले. हिंगोली सुटली. मग म्हणाली, "तिथं इंजिन काहून चालू ठेवलं होतं? डिझेल फुकट येतं का?"

"असंच."

"बॅटरी मेली?"

मी गिअर बदलला.

"मग सुरू कशी केली?"

"धक्क्यावर."

"कुणी मारला धक्का?"

"त्यानंच. गिरणीवाल्यानं. गल्लीतल्या लोकांनी."

"आपले आपण आले ते?"

"न्हाई. मी म्हणलं."

ती पूर्ण वळून माझ्याकडं पाहायला लागली. "तुमी म्हणलात? तुमच्या तोंडानं? धक्का मारा म्हणून?"

"व्हय."

मला वाटलं आता हसेल. जीप सुरू झाली तर, असं म्हणाली होती ना. ती हसली नाही. समोर रस्त्याकडं पाहत राहिली. नर्सीचा फाटा गेला, पुसेगाव आलं अन् मागं पडलं. मग म्हणाली, "जीपसाठी गल्ली गोळा केलीत. मला इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणलात का, ये म्हणून?"

मी रस्ता पाहत होतो. रस्त्यावर काही नव्हतं.

"मी रोज इचारते, करमतं का. तुमी रोज म्हणता, न करमायला काय झालं. मग कशाला येऊ मी? तिथं लेकरू तरी म्हणतं, आज्जी, जाऊ नको."

दारात जीप लावली तरी मी ती बंद केली नाही. ती उतरली तरी बसून राहिलो. शेवटी ती आतून कोनाड्यातली बाटली घेऊन बाहेर आली. तळाशी बोटभर पाणी होतं. "हे मी धरलेलं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. तिनं बाटली उन्हात धरून पाहिली अन् आत नेऊन पुन्हा कोनाड्यात ठेवली. मी इंजिन बंद केलं.

लग्न झालं. शिरड शहापूरला आम्ही जीपनंच गेलो, मधल्या दिवसांत बॅटरी दुकानात नेऊन भरून आणली होती. घरात चार दिवस दोन ताटं वाढली गेली. तिनं डबे घासले, माझ्या सदऱ्यांना बटणं लावली, शेजाऱ्याकडं जाऊन धक्क्याची हकीकत दोनदा ऐकून आली. लेकराची शाळा सुरू व्हायची होती. तिला हिंगोलीला सोडायला गेलो तेव्हाही ती पुढंच बसली. ट्रॅव्हल्स सुटायला वेळ होता. मी म्हणणार होतो. गर्दी होती, ओरडा होता, नाही झालं.

अर्थिंगची वायर आता मी काढत नाही. उंदरांसाठी पिंजरा लावला आहे. डबीचा दिवा आता कधी लाल होतो, कधी हिरवा. लाल दिसला की पहिल्यांदा मी बॉनेट उघडून वायरी तपासायचो. आता कळतं, लाल म्हणजे ती घेते आहे.

परवा संध्याकाळी फोन आला. जेवलात का, जेवलो. गुडघा, बराबर हाय. मग ती करमतं का हे विचारायचं सोडून एकदम म्हणाली, "गाडी?"

"थांब," मी म्हणालो. फोन हातात घेऊन छपराखाली गेलो. मुलानं सांगितलं होतं उगं सुरू करू नका, तरी केली. एका चावीत उठली. फोन बॉनेटवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग कानाला लावला.

"आवाज जड हाय," ती म्हणाली. "ऑइल बदला."

मी म्हणालो ते तिला ऐकू गेलं नाही. इंजिन फार वाजत होतं.

"काय म्हणलात?" ती तिकडून ओरडली.

ऑइल बदलतो म्हणलं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर तेच आलं होतं. मी हात घालून बंद करायची मूठ ओढली. इंजिन थांबलं. गिरणीही बंद झालेली होती, गल्लीत काही आवाज नव्हता.

"ये, म्हणलं," मी म्हणालो. "मला करमत न्हाई."

 तिनं फोन ठेवला नाही, मागं लेकरू काहीतरी पाठ म्हणत होतं ते ऐकू येत होतं. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. डबीवरचा दिवा लाल झाला होता.